काट्याचे बारा रुपये

सार्वजनिक कृषी संशोधनावर खर्च झालेल्या प्रत्येक रुपयामागे समाजाला अकरा रुपये परत मिळतात.

हे वाक्य आमच्या कृषी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, जिन्यासमोर, संगमरवरी पाटीवर कोरलेलं होतं. अकराचा आकडा आमच्याच अर्थशास्त्र विभागाने काढलेला. मी रुजू झालो तेव्हा उत्साहाच्या भरात त्याची मूळ फाईल मागवली. फाईल चक्क सापडली. तिच्यात उत्तर सात होतं. विभागप्रमुख डॉ. प्रभुण्यांना विचारलं तर म्हणाले, "सात कशाला धरून बसलात, बिडवई? पाटीचं अनावरण मंत्र्यांच्या हस्ते होतं." आणि त्यांनी चहा मागवला.

ही सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. त्याच आठवड्यात डॉ. टाकसाळे माझ्या खोलीत आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक वाळका जुडगा त्यांनी टेबलावर ठेवला आणि कागद बाजूला केला.

"हात लावा," ते म्हणाले.

करडई होती. मी हात मागे घेतला. पिकलेली करडई हातात धरणं म्हणजे साळिंदराशी हस्तांदोलन. पानाच्या कडेला काटा, बोंडाच्या खाली काटा, आणि काढणीच्या दिवसांत तो सुईसारखा वाळलेला असतो.

"लावा हो. चावत नाही."

लावला. बोंडावरून, पानावरून, खाली देठापर्यंत हात फिरवला. कुठेच काही टोचलं नाही.

"अकरा वर्षं लागली," टाकसाळे म्हणाले.

शेषराव टाकसाळे आमच्या मासरुळीच्या संशोधन केंद्रावर करडईचे पैदासकार होते. नवे वाण काढणं हे त्यांचं काम. अर्ध्या बाहीचा खादीचा सदरा, खिशात भिंग, आणि कोपरापासून मनगटापर्यंत बारीक काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे आत राहिलेले काटे, हे मला फार उशिरा कळलं.

"उत्पन्न किती?" मी विचारलं. अर्थशास्त्रज्ञाला कुणी बारशाला बोलावलं तरी तो हेच विचारतो.

"चार टक्के कमी."

"मग समिती मंजूर कशी करेल? चालू वाणापेक्षा दहा टक्के जास्त लागतं."

"दहा टक्के जास्त, अथवा अन्य आर्थिक लाभ सिद्ध झाल्यास. नियम पाठ आहे मला. तो लाभ तुम्ही सिद्ध करायचा. एक पान पुरे."

"आणि नाही झाला सिद्ध?"

"मेअखेर मी निवृत्त. माझी जागा गोठणार, तसं पत्रच आलंय. करडीवर माणूस राहणार नाही." त्यांनी जुडगा पुन्हा कागदात गुंडाळला, तान्ह्या मुलाला दुपट्यात गुंडाळावं तसा. "मार्चच्या बैठकीत हा वाण मंजूर झाला तर झाला. नाहीतर संपला."

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि एका पानाने काहीतरी सिद्ध होतं यावर माझा विश्वास होता. हो म्हटलं.

पाहणीसाठी प्रभुण्यांनी मला दोन गठ्ठे दिले. पांढरा फॉर्म शेतकऱ्याला, पिवळा मजुराला.

"एका माणसाला एकच," त्यांनी बजावलं. "दोन्ही भरलेत तर तो नमुन्यात दोनदा मोजला जाईल."

"पण एखादा शेतकरीही असेल आणि मजूरही?"

"सातबारा बघायचा. नाव असेल तर पांढरा, नसेल तर पिवळा. सोपं आहे."

खरोखरच सोपं होतं. मासरुळीत सातबाऱ्यावर जितकी नावं होती ती सगळी पुरुषांची होती. त्यामुळे पांढरे फॉर्म सोसायटीच्या ओट्यावर एका दुपारीच भरून झाले.

"बिनकाट्याची करडी?" नरहरराव शिंगटे म्हणाले. चाळीस एकरवाला माणूस. "मग ढोरं नाही का घुसणार? आम्ही ज्वारीच्या कडेनं करडी पेरतो ती कुंपण म्हणून. तुम्ही कुंपणाचेच दात काढायला निघालात."

"पण काट्यांचा त्रास होत नाही का?"

"होतो की," नरहरराव मनापासून म्हणाले. "बायांना."

पांढऱ्या फॉर्मातला नववा प्रश्न होता: असा वाण मिळाल्यास पेराल का? तिसातले बावीस जण नाही म्हणाले. आठ जण म्हणाले, बघू. 'बघू'ला रकाना नव्हता, तेही 'नाही'त गेले. टाकसाळे शेजारी बसून ऐकत होते.  परतताना जीपमध्ये म्हणाले, "यातल्या एकानं तरी आयुष्यात करडी कापली असेल का, विचारायचं होतं."

"फॉर्मात नाही तो प्रश्न."

"हां. तेही खरं."

पिवळ्या फॉर्मांसाठी दुसऱ्या दिवशी दिवस उगवायलाच शेतात जावं लागलं. दव असतं तोवर काटा नरम असतो, म्हणून करडई पहाटेपासून कापतात. ऊन चढलं की थांबतात. नरहररावांच्या शेतात बायांची टोळी ओळीने पुढे सरकत होती. डाव्या हातात झाड दाबून धरायला लाकडाचं बेचकं, उजव्या हातात विळा, आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत चढवलेले जुन्या पँटींचे कापलेले पाय. टोळीची पुढारीण कौसाबाई. पन्नाशीची, काटक. माझ्याशी बोलतानाही विळा थांबला नाही.

"नाव?"

"कौसाबाई रिठे. मालकाचं बी लिवता का?"

"नको. रोज किती मिळतो?"

"करडीला बेचाळीस. दुसऱ्या कामाला तीस."

"बारा जास्त कशाचे?"

तिने माझ्या पेनाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"काट्याचे," ती म्हणाली.

"आणि समजा, काटेच नसले तर?"

"तर बारा कशाला देतील? तीसच." पलीकडची बाई हसली. कौसाबाई तिला म्हणाली, "हसती काय गं? नरहरराव काय तुझा मामा लागतो व्हय?"

मी पिवळ्या फॉर्मातल्या पाचव्या प्रश्नासमोर लिहिलं: उणे बारा. आणि लिहितानाच माझ्या अंगावर शहारा आला. प्रेमात पडल्यावर येतो म्हणतात तसा. काटा गेला की मालकाचे बारा वाचतात आणि बाईचे बारा जातात. नव्या वाणाचा फायदा हा फायदाच नव्हता, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेली रक्कम होती. हे अजून आपल्याकडे कुणी मांडलेलं नव्हतं.

माझं हे चाललेलं असताना टाकसाळ्यांनी जुडगा सोडला आणि कौसाबाईपुढे धरला. तिने सवयीने आधी बेचकं पुढे केलं. मग टाकसाळ्यांचा उघडा हात पाहिला. विळा खाली ठेवला, पँटीचा पाय हातातून ओढून काढला आणि देठापासून बोंडापर्यंत हळूहळू हात नेला. पुन्हा नेला. बाकीच्या बाया कापायच्या थांबल्या आणि भोवती आल्या.

"ही करडीच हाय का?"

"करडीच," टाकसाळे म्हणाले.

"तेल निघतं?"

"तेवढंच निघतं."

"मग हिचं बी कवा देता, सायेब?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, ही आली तर तुमचा रोज बारा रुपयांनी कमी होईल. आत्ताच सांगितलंत तुम्ही."

"व्हईल की. त्यो वीस दिसांचा. अन् माझं दीड एकर हाय, तिथली करडी कोन कापतं? मीच. तिथं कोन देतंय बारा?" तिने विळ्याच्या टोकाने ओळीतल्या बाया दाखवल्या. "ह्या समद्या एक-दीड एकरवाल्याच हायत. आदी नरहररावाची काढायची, मग घरची. करडीचा महिना लागला की भाकर थापाया येत न्हाई. पीठ लागलं की हात पेटतो. पोरगी थापती, तवा खातो."

"सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

"मालकाच्या. कुनाच्या असनार?"

तिचे मालक काल सोसायटीच्या ओट्यावर होते. त्यांचा पांढरा फॉर्म माझ्याच पिशवीत होता. प्रश्न नऊ: नाही.

पिवळ्या फॉर्मात पेरण्याचा प्रश्न नव्हता. मजूर पेरत नसतो. मी समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहिले: बी मागते. त्या दिवशी आणि पुढल्या दिवशी मिळून चाळीस पिवळे फॉर्म भरले. त्यांतल्या तेहेतिसांच्या समासात पेन्सिलीने हेच दोन शब्द आले. टाकसाळ्यांनी परतताना जीपमध्ये ते मोजले. दोनदा.

निघताना कौसाबाई बांधापर्यंत आली होती. "मूठभर तरी द्या की, सायेब. कडंला लावून बघते."

"मंजूर झालं की पहिली पिशवी तुम्हाला," टाकसाळे म्हणाले. "त्याआधी बी केंद्राबाहेर देता येत नाही. नियम आहे."

"मूठभरानं काय नियम मोडतोय?"

"मोडतो," ते म्हणाले, आणि त्यांना ते बोलायला किती जड गेलं ते दिसलं. वाण मंजूर होण्याआधी बी वाटणारे पैदासकार काही कमी नव्हते. टाकसाळे त्यांतले नव्हते.

आठ दिवसांत माझं पान तयार झालं. एकरी सोळा किलो उत्पन्न कमी, म्हणजे एकशे शहात्तर रुपयांचा तोटा. काटे नसल्याने काढणीला दहाऐवजी सात बाया पुरतात, त्याही तीस रुपयांत. म्हणजे दोनशे दहा वाचले. शेतकऱ्याला निव्वळ लाभ एकरी चौतीस रुपये.

"चौतीस का असेना," टाकसाळे म्हणाले. "लाभ आहे ना? झालं तर."

"थांबा, हे मालकाचं झालं. पण वाचलेले दोनशे दहा हे बायांचेच आहेत. ते समाजाच्या हिशोबात धरता येत नाहीत. आणि त्या दिवसांत दुसरं काम नसतं, त्यामुळे त्यांचा वाचलेला वेळ शून्य किमतीचा."

"शून्य?"

"शास्त्राप्रमाणे. मग उरतो फक्त उत्पन्नातला तोटा. म्हणजे काटा काढून समाजाचं एकरी एकशे शहात्तर रुपयांचं नुकसान होतं."

टाकसाळ्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला.

"समाजाला एकदा विळा देऊन बघा म्हणावं," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि घरच्या दीड एकराचं काय? तिथं रोज कोण बुडवतंय त्यांचा? हात कुठं धरलेत तुम्ही?"

"त्याची आकडेवारी नाही."

"पेन्सिलीनं लिहिलंय की."

"ते टिपण आहे, सर. आकडेवारी नाही."

मी दोन्ही हिशोब पानावर ठेवले, चौतीसही आणि उणे एकशे शहात्तरही. हा प्रामाणिकपणा आहे असं मी स्वतःला सांगितलं. प्रभुण्यांना मात्र ते पान पाहून भरून आलं. "बिडवई, याचा निबंध करा. शीर्षकात 'शेतमजूर महिला' येऊ द्या." तो मी आधीच केला होता, आणि शीर्षकात ते आलेलंही होतं.

बैठक मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली. लांब टेबल, नऊ सदस्य, प्रत्येकापुढे काजूची बशी. अध्यक्ष संचालक डॉ. दासरवार. त्या वर्षी वरून परिपत्रक आलं होतं की प्रत्येक प्रस्तावात महिलांवरील परिणाम नमूद करावा. आतापर्यंत सगळे तिथे 'अनुकूल' एवढा एक शब्द टाकून पुढे जात होते. आकडे असलेला परिच्छेद समितीपुढे पहिल्यांदाच आला होता.

टाकसाळ्यांनी जुडगा फिरवला. तिघांनी तो बॉलपेनने हलवून पाहिला. एकाने हात लावला आणि "वा" म्हणून रुमालाला हात पुसला.

दासरवारांनी माझं पान शांतपणे वाचलं. मग चष्मा काढला.

"मंडळी, आपण इथे वर्षानुवर्षं क्विंटल मोजत बसलो. शेतात राबणाऱ्या बाईचा विचार या टेबलावर आज प्रथम होतोय." आवाज खरंच कातर झाला होता. माणूस वाईट नव्हता. "तिच्या तोंडचे बारा रुपये काढून घेणारा वाण आपण मंजूर करायचा का?"

"साहेब," टाकसाळे म्हणाले, "काटे तिच्या हातात जातात."

"त्याचेच तर पैसे मिळतात तिला."

"घरच्या शेतात कुणी देत नाही. तिला हा वाण हवाय. चाळिसातल्या तेहेतीस बायांनी आपणहून बी मागितलंय. बिडवईंकडे फॉर्म आहेत. बिडवई, वाचा."

दासरवार माझ्याकडे वळले. "असं आहे का?"

पिवळा गठ्ठा माझ्यासमोरच होता. वरचाच फॉर्म कौसाबाईचा. पेन्सिल जरा पुसट झाली होती, पण वाचता येत होतं. प्रभुणे माझ्याकडे बघत होते. टाकसाळे बघत नव्हते. ते निवांत मागे टेकून बसले होते. वाचून दाखवलं की काम झालं, अशी त्यांची खात्री होती.

"तो प्रश्न प्रश्नावलीत नव्हता, सर," मी म्हटलं. "न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर धरता येत नाही."

"बरोबर आहे," दासरवार म्हणाले. "आणि जो प्रश्न होता, पांढऱ्या फॉर्मात, त्याला होकार किती?"

"शून्य, सर."

इतिवृत्तात एक ओळ आली: शेतमजूर महिलांच्या हिताचा विचार करून प्रस्तावित वाण नामंजूर. पुढचा विषय सोयाबीनचा होता. त्याचं उत्पन्न बारा टक्के जास्त होतं, महिलांवरील परिणाम अनुकूल होता. तो चार मिनिटांत मंजूर झाला.

बाहेर चहाच्या टपरीवर टाकसाळ्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले. मी काहीतरी म्हणायला लागलो, तर त्यांनी बशीतला चहा फुंकत हात वर केला.

"पान चांगलं झालंय तुमचं. छापा. एक सांगा, वाचलं असतं तर काय झालं असतं?"

"कदाचित फेरतपासणीला पाठवलं असतं. पुढल्या हंगामात."

"एक हंगाम," ते म्हणाले. "तेवढंच." आणि बशी खाली ठेवली.

टाकसाळ्यांना केंद्रावर सोडायला मीही जीपने निघालो; वाट मासरुळीच्या शिवारातूनच होती. उशिरा पेरलेली करडई अजून उभी होती आणि कौसाबाई या वेळी स्वतःच्या दीड एकरात होती. एकटीच. टाकसाळ्यांनी जीप थांबवायला सांगितली. मी खाली उतरलो नसतो तरी चाललं असतं, पण उतरलो.

"काय झालं, सायेब?"

"नाही झालं मंजूर, कौसाबाई."

"का वं?"

टाकसाळे माझ्याकडे बघत म्हणाले, "सांगा."

"तुमचा रोज बुडू नये म्हणून," मी म्हटलं. "तुमच्या भल्यासाठी."

तिने आधी माझ्याकडे, मग टाकसाळ्यांकडे पाहिलं. थट्टा चाललीय की काय, याचा अंदाज घेत असावी.

"आमाला इचारलं व्हतं का कुनी?"

"तुम्हीच सांगितलं होतंत ना, बारा कमी होतील म्हणून."

"व्हय. अन् बी मागितलेलं?"

 तिने हातातला पँटीचा पाय नीट ओढून घेतला.

"मग आता तरी द्या मूठभर. आता तर ते कुनाचंच न्हाई."

ही गोष्ट टाकसाळ्यांच्या मनात आलेली असणार. केंद्रावर त्यांच्या कपाटात बी होतं, किल्ली त्यांच्या खिशात होती. पायी गेलं तरी पाऊण तासाची वाट.

"नामंजूर झालेलं बी बाहेर देता येत नाही, बाई," ते म्हणाले. "ते जमा करावं लागतं."

"करा मग जमा," कौसाबाई म्हणाली, आणि वाकून कापायला लागली. ऊन चढलं होतं, दव केव्हाच गेलेलं होतं. तरी ती थांबली नाही.

माझा निबंध वर्षअखेर छापून आला. राज्य पातळीवर त्याला पारितोषिक मिळालं, दोन वर्षांनी मला बढती मिळाली. आजही कुठे व्याख्यानाला गेलो तर माझी ओळख 'शेतमजूर स्त्रीचा प्रश्न प्रथम मांडणारे' अशी करून देतात, आणि मी शाल घेतो. टाकसाळे एकतीस मेला निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी हजर होतो. भाषणात ते फक्त पावसाबद्दल बोलले. त्याआधी दोन दिवस त्यांनी अडतीस किलो बी वजन करून, पाच पिशव्यांत भरून, पावती घेऊन भांडारात जमा केलं होतं. एक दाणाही कमी नव्हता. भांडारपालाने मला तसं मुद्दाम सांगितलं. असा माणूस त्याने पाहिला नव्हता म्हणे.

जागा गोठली. नामंजूर बियाण्याचं पुढे काय करायचं याचा नियम भांडारपालाने शोधून काढला. ऑक्टोबरात ते घाण्यावर पाठवण्यात आलं. अडतीस किलोचं साडेनऊ किलो तेल निघालं. कर्मचारी सोसायटीने त्या वर्षीचा दिवाळीचा चिवडा त्यातच केला. माझ्या वाट्याला अर्धा किलो आला.